क्रिकेटवीर पळवणकर बाळू

ज्या मैदानाची निगा आपण राखावी, त्याच मैदानावरील मंडपात आपणांस प्रवेश नसावा, हे प्राक्तन पळवणकर बाळू यांच्या वाट्यास आले. १८७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात वाढले. तेथील युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपये वेतनावर ते खेळपट्टीवर रूळ फिरवीत, जाळी उभारीत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत. हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. या परिश्रमांतूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली.

ही कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू संघाने, बऱ्याच वादानंतर, त्यांना आपल्यात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्व जण हाती घेत. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. एकत्र खेळणाऱ्यांनी एकत्र खाण्यापिण्यासही हरकत घेऊ नये, अशी समज न्यायमूर्ती रानडे यांनी दिली.

पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळताना १९०६ साली युरोपियनांवर मिळालेल्या १०९ धावांच्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटे. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, आणि संघाने अजिंक्यपद मिळविले.

१९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत बाळूंनी भाग घेतला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे राहावे लागले. त्यांत ते पराभूत झाले. त्याच वर्षी मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. तेथील आसनांच्या वाटपावरून जिमखान्यांत वाद होऊन हिंदू संघाने त्या वर्षी स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. नव्या वास्तूतही जुन्या भिंती शिल्लकच होत्या.

४ जुलै १९५५ रोजी बाळू निवर्तले. मैदान उभारणे सोपे. त्यावर सर्वांस समान स्थान देणे कठीण. ते कठीण काम त्यांनी तक्रारीचा सूर न लावता, केवळ आपल्या गुणाच्या बळावर पुढे नेले.