पेस्टालॉझी: गरिबांच्या मुलांचा शिक्षक

शिक्षक आधीं वस्तु दाखवितात व मग तिचें नांव सांगतात; चिंचोके मोजून झाल्यावर मग पाटीवर आंकडा काढावयास लावतात. ही रीत आपल्या इतक्या अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यासाठीं कोणा एका पुरुषानें जन्मभर दैन्य व उपहास सोसला असेल, हें आपल्या मनांतहि येत नाहीं. तो पुरुष म्हणजे योहान हाइनरिख पेस्टालॉझी होय.

त्याचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. तो पांच वर्षांचा असतांनाच त्याचें पितृछत्र हरपलें. माता व एक एकनिष्ठ मोलकरीण यांनीं मोठ्या काटकसरीनें त्याचें संगोपन केलें. त्याचे आजोबा खेड्यांत धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर गरिबांच्या झोंपड्यांत जातां येतां त्यानें दारिद्र्य जवळून पाहिलें व तें दृश्य त्याच्या अंतःकरणांतून कधीं पुसलें गेलें नाहीं.

१७६९ सालीं ॲना शुल्थेस हिच्याशीं विवाह करून त्यानें बिर गांवाजवळ नॉयहोफ येथें शेती आरंभिली. ती बुडाली. तरी १७७४ मध्यें त्यानें आसपासचीं निराधार मुलें त्याच घरीं जमवून शाळा काढली. मुलें शेतांत राबत, सूत कातीत व काम करतां करतां वाचन व हिशेब शिकत. त्यांच्या मिळकतीवर शाळेचा खर्च भागेल हा अंदाज मात्र चुकला. १७८० मध्यें शाळा बंद पडली व पत्नीचें धनहि तींत गेलें. पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ‘लीनहार्ट आणि गेर्ट्रूड’ या कथेनें त्याचें नांव सर्वत्र गाजलें. परंतु शाळा मिळावयास आणखी अठरा वर्षें जावीं लागलीं.

१७९८ मध्यें फ्रेंच सैन्यानें श्टान्स गांवाची धूळधाण केली व कित्येक मुलें पोरकीं झालीं. तेथील एका मठाच्या इमारतींत पेस्टालॉझीनें सुमारें ८० मुलांचा सांभाळ आरंभिला. हाताशीं साहाय्यक शिक्षक नाहीं, पुस्तकें नाहींत. तोच त्यांचा गुरु, तोच पिता, तोच आजाऱ्यांचा शुश्रूषक. पण १७९९ च्या जून महिन्यांत फ्रेंचांस ती जागा लष्करी रुग्णालयासाठीं हवी झाली व तें कार्य कांहीं महिन्यांतच संपलें.

त्याच वर्षीं तो बुर्गडोर्फ येथें आला. तेथें प्रथम त्यास एका चांभाराच्या शाळेंत शिकविण्याची परवानगी मिळाली. या शाळेंत गांवांतील हलक्या स्थितीच्या लोकांचीं मुलें येत व प्रश्नोत्तरें तोंडपाठ करीत. पेस्टालॉझीनें पाठांतर बाजूस सारून मुलांस पाहावयास, मोजावयास व बोलावयास लाविलें. पालक बिथरले. नवी पद्धति इतकी चांगली असेल, तर थोरामोठ्यांनीं ती आपल्याच मुलांवर करून पाहावी, असें त्यांचें म्हणणें पडलें. हा आक्षेप कोणी पोरकट समजूं नये. ज्यांना दुसरी शाळा निवडण्याची सोय नाहीं, त्यांच्याच मुलांवर प्रथम प्रयोग कां, असा त्याचा अर्थ होता. पेस्टालॉझीस ती शाळा सोडावी लागली. पुढें त्यास लहान मुलांचा एक वर्ग मिळाला. १८०० च्या मार्चमध्यें तेथील शाळासमितीनें परीक्षा घेतली व मुलांची प्रगति पाहून त्याची मनापासून प्रशंसा केली. वादानें जें साधलें नव्हतें, तें मुलांच्या प्रगतीनें साधलें.

बुर्गडोर्फच्या किल्ल्यांतील व १८०५ पासून इव्हर्दों येथील त्याच्या विद्यालयाची कीर्ति युरोपभर पसरली. किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल १८०८ ते १८१० पर्यंत तेथें राहून शिकला. स्विस सरकारच्या तपासणी मंडळानें मात्र १८१० मध्यें अभिप्राय दिला कीं, हें विद्यालय आपल्याच मार्गानें चालतें; देशांतील सार्वजनिक शाळांशीं त्याचा मेळ बसत नाहीं. उलट प्रशिया देशानें आपले तरुण शिक्षक तेथें पाठविले व ते परतल्यावर त्यांच्या हातून तीच पद्धति सार्वजनिक शाळांत नेली.

इव्हर्दों येथें श्रीमंतांचीं मुलें फी देऊन शिकत. पण पेस्टालॉझीचा जीव गरिबांच्या शाळेंत गुंतलेला होता. आपल्या समग्र ग्रंथांच्या उत्पन्नाच्या आशेवर त्यानें १८१८ मध्यें क्लँडी येथें तशी शाळा पुन्हां काढली. तीहि फार दिवस वेगळी टिकली नाहीं. सहकाऱ्यांच्या भांडणांनीं १८२५ मध्यें विद्यालय मोडलें. तो नॉयहोफला परतला व ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें निवर्तला. बिर येथील शाळेपाशीं त्याची समाधि आहे.

त्याची एकहि शाळा त्याच्यामागें उरली नाहीं. तरी त्याची पद्धति देशोदेशींच्या शाळांत शिरली. वाचकहो, निराळी शाळा काढणें हें धाडसाचें काम खरें. परंतु ती केवळ मूठभर सुखवस्तूंच्या निवडीची बाब राहिली, तर तिचें अर्धें कार्य अपुरें राहतें. गरिबाच्या पालकाचा विश्वास मिळवून तिचें उत्तम तें सर्वांच्या शाळेंत पोंचविणें, हें दुसरें अर्धें कार्य होय. पेस्टालॉझीनें जन्मभर त्याचाच ध्यास घेतला. म्हणूनच त्याच्या अपयशांची ही मालिका आजहि आदरानें वाचावीशी वाटते.