बाळू पालवणकर : तुलनेच्या पलीकडचा फिरकीपटू

दोन पिढ्यांतील खेळाडूंमध्ये श्रेष्ठ कोण, हा वाद क्रीडारसिकांना नवा नाही. मोटार शर्यतींच्या जगात १९५० च्या दशकात पाच वेळा विश्वविजेता ठरलेला फाँजिओ मोठा की सात विजेतेपदे मिळवणारे शूमाकर आणि हॅमिल्टन मोठे, यावर आजही खल होतो. सिंधुदुर्गात मात्र हा वाद क्रिकेटचाच. वेंगुर्ल्याशी नाते सांगणारे सुनील गावसकर श्रेष्ठ की सचिन तेंडुलकर, हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावरही रंगतो. मात्र शर्यतीत चालकाच्या कौशल्याइतकेच त्याला मिळालेल्या गाडीलाही महत्त्व असते. क्रिकेटमध्ये ही गाडी म्हणजे संधी. ती ज्याला फार उशिरा आणि अपुरी मिळाली, त्या खेळाडूचे मोल कसे ठरवावे? बाळू पालवणकर यांचे चरित्र हाच प्रश्न उभा करते.

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे-लोटणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. रोलर फिरवणे, जाळी बांधणे ही कामे करतानाच ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकू लागले. नावाजलेले फलंदाज कॅप्टन ग्रेग प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. फलंदाजीची संधी मात्र तिथे कधीच मिळाली नाही. त्या काळी बॅट हाती धरणे हा साहेबांचा मान होता. चेंडू टाकण्याचे कष्ट नोकराने करायचे!

डावखुऱ्या संथ गोलंदाजीवरील त्यांची हुकमत पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, जेवणही वेगळे. पुढे प्लेगच्या साथीमुळे ते मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या दोघांचाही वाटा होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते गेले तेव्हा वयाची पस्तिशी गाठली होती. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील तो संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी मिळवले, तेही १९ पेक्षा कमी सरासरीने. त्यांची तुलना तेव्हा विल्फ्रेड ऱ्होड्स या थोर इंग्रज फिरकीपटूशी होत असे.

आकडे मांडले तर चित्र असे दिसते : बाळू ३३ प्रथमश्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. बिशनसिंग बेदी यांचे प्रथमश्रेणी बळी १,५६० आणि सरासरी २१.६९; ऱ्होड्स यांचे बळी तर चार हजारांहून अधिक. खेळपट्ट्या, प्रतिस्पर्धी आणि सामन्यांची संख्या इतकी भिन्न असताना केवळ सरासरीवरून श्रेष्ठत्व ठरवणे धाडसाचे ठरेल. भारत पहिली कसोटी खेळला तो १९३२ मध्ये. तोवर बाळू निवृत्त झाले होते.

कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून माघार घेतली. अखेर तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे हिंदू संघाचे नेतृत्व आले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला, हेही पिढ्यांमधील अंतरच म्हणायचे.

खेळाडू म्हणून बाळूंचा गौरव करणाऱ्यांत तरुण आंबेडकर होते. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही स्वाक्षऱ्या झाल्या. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत मात्र ते समोरासमोर उभे राहिले. डॉ. बाबासाहेबांना १३,२४५, तर काँग्रेसचे उमेदवार बाळू यांना ११,२२५ मते मिळाली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पिढ्यांच्या तुलनेत मिळवलेले बळी मोजता येतात; नाकारलेले सामने मोजण्याचे गणित अद्याप कुणी मांडलेले नाही. भारताच्या थोर फिरकीपटूंची यादी करताना आरंभी बाळू पालवणकरांचे नाव घ्यावे लागते, ते याच कारणाने.