चार सूत बोल्ट आणि व्हिटवर्थ

वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला सळईवर आटे पाडलेत ना? डाय हँडल दोन्ही हातांनी धरायचं, अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, म्हणजे कीस तुटतो. वर तेल. हँडल जरा तिरकं झालं की आटे वाया. तुमच्या हातातल्या या हँडलचा इतिहास जोसेफ व्हिटवर्थपाशी जातो.

१८०३ साली इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला जन्मलेला हा पोरगा नातेवाइकाच्या सूतगिरणीत लागला. पण त्याला धंद्यापेक्षा यंत्रंच आवडायची, म्हणून गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा कारागीर झाला. १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात शिकला आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून स्वतःचं दुकान थाटलं.

तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. बोल्ट तुटला की ज्याने यंत्र बनवलं त्याच्याच दारात जायचं, तोवर यंत्र बंद! आटे पाडायचं हँडलही वाईटच. त्यातले समोरासमोरचे दोन तुकडे धातू कापण्यापेक्षा दाबून वर ढकलायचे. व्हिटवर्थने तीन तुकडे बसवले. रुंद तुकडा सळईला टेकून वाट दाखवणार, उरलेले दोन अरुंद कापणार. बघा, किती साधं!

आटे ठरवतानाही त्याने स्वतःचंच घोडं पुढे दामटलं नाही. ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. म्हणूनच कोणाला ते फार परके वाटले नसावेत. १८४१ मध्ये त्याने हे प्रमाण मांडलं: कोन ५५ अंश, अर्धा इंच बोल्टला इंचात १२ आटे. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि पुढे ते साहेबाबरोबर आपल्याकडेही आलं. हार्डवेअरच्या दुकानात चार सूत बोल्ट मागता ना, तोच हा अर्धा इंच. त्यावर अमेरिकन नट चढवून बघा. तिथे इंचात १३ आटे, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. मेट्रिकचा तर कोनच ६० अंश.

आजच्या गोल डायच्या हँडलला बहुधा तीन स्क्रू असतात. मधला डायची फट उघडतो, बाजूचे दोन आवळतात. पहिला हात उघड्या डायने मारा, मग आवळून दुसरा. घरी छोटा लेथ असेल तर होल्डर स्वतःच करा. टेलस्टॉकमध्ये गोल दांडा धरायचा आणि त्यावर सरकणारी, पुढे डाय बसेल अशी नळी चढवायची. डाय स्वतःच पुढे ओढली जाते आणि तिरकी होत नाही.

पुढे व्हिटवर्थ बंदुका-तोफांच्या मागे लागला, पण ती गोष्ट वेगळी. १८८७ मध्ये तो गेला. त्याआधी, १८६८ मध्ये, त्याने तरुण मेकॅनिकांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. त्या मिळवायला नुसता पेपर लिहून भागत नसे, हातात अवजार धरून कामही करून दाखवावं लागे.