जपानहून आलेली पुस्तिका

मारुंजी, हिंजवडी, चाकण हा पुण्याजवळचा भाग आता कारखान्यांचा आणि कचेऱ्यांचा झाला आहे. नोकरीसाठी किंवा आवडीने जपानी भाषा शिकणारी मुलेमुली आज पुणे परिसरात भेटतात. त्यांतली काही जपानलाही जातात. पण याच पुण्यातील एका गणिताच्या शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी जपानकडून एक वेगळाच धडा घेतला. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना आदराने अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. त्यांचे बालपण मुरूड गावी गेले. घरची गरिबी होती. सतरा वर्षांचे असताना एका परीक्षेसाठी ते भर पावसात, डोंगर चढून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेले. पण अंगाने ते लहान दिसत. वय कमी वाटते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. बी. ए. होईपर्यंत त्यांचे वय सव्वीस झाले होते.

१८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्यांची पहिली पत्नी वारली होती. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या काळी हे मोठे धाडस होते. मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण अण्णा डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो पुण्याबाहेर हिंगणे येथे एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा रोज चिखल तुडवत हिंगण्याला जात आणि तेथे मुलींना शिकवत.

१९१५ साली काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनी अण्णांना टपालाने एक पुस्तिका पाठवली. गुप्त यांनी जपान पाहिले होते. कामाच्या गर्दीत अण्णांनी ती बाजूला ठेवून दिली. काही महिन्यांनी ती पुन्हा हाती आली, तेव्हा मात्र त्यांनी लक्ष देऊन वाचली. ती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती होती. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१ साली सुरू केले होते. नारुसे यांचा जन्मही १८५८ सालचाच. ते स्वतः अमेरिकेत शिकून आले होते, पण आपल्या देशातील मुलींना त्यांनी जपानी भाषेतूनच शिक्षण दिले.

अण्णांना वाट सापडली. आपल्याकडे उच्च शिक्षण इंग्रजीतून मिळे. मुलींचा निम्मा वेळ परकी भाषा समजून घेण्यात जाई. त्यांना स्वतःच्या भाषेतून शिकवले तर? त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना अण्णांनी हा विचार मांडला. ३ जून १९१६ रोजी महिला विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी किती? फक्त पाच!

अनेकांना ही कल्पना पटली नाही. सरकारची मान्यता नसलेली पदवी घेऊन मुली काय करणार, असा प्रश्न लोक विचारत, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. गांधीजींनी कामाला पाठिंबा दिला व दरवर्षी दहा रुपये देण्याचे कबूल केले; पण इंग्रजी हा विषय सक्तीचा असावा, हे त्यांना मान्य नव्हते. अण्णांनी मात्र तो सक्तीचाच ठेवला. मुलींचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा वेगळा असावा, असेही अण्णांना वाटे. हे मत आज फारसे कोणी मानणार नाही. भाषेचा मुद्दा मात्र खरा ठरला. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाऊ लागले. तेथील शिक्षणखात्याचे प्रमुख रॉस मसूद हेही १९२२ साली जपानची शिक्षणपद्धती पाहायला गेले.

अण्णा गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला मिळाले.

जपान प्रत्यक्ष पाहायचे मात्र राहून गेले होते. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा परदेशी निघाले. युरोप आणि अमेरिका पाहून ते जपानला पोहोचले. ज्या विद्यापीठाची पुस्तिका त्यांनी पुण्यात बसून वाचली होती, ते विद्यापीठ त्यांनी टोकियोत डोळ्यांनी पाहिले. पण नारुसे भेटणार नव्हते. ते १९१९ सालीच वारले होते. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांची भेट झालीच नाही. एप्रिल १९३० अखेर अण्णा मायदेशी परतले आणि पुन्हा कामाला लागले. त्याच वर्षाअखेर ते आफ्रिकेला निघाले!

टोकियोच्या संस्थेला कायद्याने पूर्ण विद्यापीठाचा दर्जा १९४८ साली मिळाला. अण्णांच्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता १९५१ साली मिळाली. तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' हा किताब देण्यात आला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.