रेव्हरंड नारायण वामन टिळक : पाप आणि देवाचा हेतु यांच्या शोधांत गेलेलें एक आयुष्य

विद्यार्थिदशेंत जे प्रश्न मनांत उठतात त्यांतील तीन फार जुने आहेत. पाप म्हणजे नेमकें काय? माणसावर दुःख येतें तें त्याच्या पापाचें फळ म्हणूनच येतें काय? आणि देव जर चांगला व सर्वसमर्थ आहे, तर जगांत वाईट घडूं देण्यांत त्याचा हेतु काय? हे प्रश्न ख्रिस्ती घरांतील मुलांना पडतात, तसेच इतर घरांतील मुलांनाही पडतात. त्यांचीं उत्तरें धर्मग्रंथांत आहेत. परंतु कोरड्या सिद्धान्तापेक्षां एखाद्या माणसाच्या आयुष्यांत तीं उत्तरें कशीं कसोटीस लागलीं हें पाहिलें म्हणजे तीं अधिक समजतात. म्हणून आम्ही येथें कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

टिळकांचें नांव मराठी शाळांतील मुलांस नवें नाहीं. फुलांवर, पांखरांवर आणि मुलांवर कविता करणारा कवि म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपल्या जिल्ह्याचा तर त्यांच्याशीं निकटचा संबंध. प्रवरेच्या कांठच्या आमच्या कोल्हारहून नगरच्या रस्त्यास लागलें म्हणजे वाटेंत राहुरी येते. त्या राहुरीस टिळक दांपत्याचें कांहीं काळ वास्तव्य होतें, आणि नगर शहर हें तर त्यांच्या कार्याचें मुख्य ठिकाण. असें असतां त्यांच्या कवितांपलीकडचा माणूस आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नाहीं.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव हे कडक व रागीट स्वभावाचे होते. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक होत्या आणि कवितेची गोडी मुलास त्यांच्याचपासून लागली. ही माउली मुलगा अकराबारा वर्षांचा असतांनाच वारली. आईवांचून घर त्यास घर वाटेना. त्यानें घर सोडलें व नाशिकचा रस्ता धरला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें आणि थोडें इंग्रजीही शिकून घेतलें. ज्या वयांत आपण धडे पाठ करतों त्या वयांत या मुलाच्या पुढें तो जुना प्रश्न उभा राहिला होता : निरपराध माणसाच्या वांट्यास दुःख कां यावें?

पुढें नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास माहीत झाल्या. संसार सुरू झाला, पण टिळकांचें पाऊल एका ठिकाणीं ठरेना. आज शिक्षक, उद्यां कीर्तनकार, परवां छापखान्यांत, असें त्यांचें चाललें असे. केव्हां कोणास न सांगतां घरांतून निघून जावें, हातीं पैसा आला कीं कोणा गरजवंतास देऊन टाकावा, हाही त्यांचा क्रम होता. त्यांचीं कांहीं अपत्यें लहानपणींच गेलीं. या सर्वांची झळ लक्ष्मीबाईंस किती लागली हें त्यांनीं आपल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत सांगितलें आहे.

सन १८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें तेथें संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचें काम त्यांस मिळालें. 'ऋषि' नांवाचें एक मासिकही त्यांनीं चालविलें. या काळांत ते धर्मविचारांत गढून गेले होते. जातिभेद व मूर्तिपूजा यांवरील त्यांचा विश्वास उडाला होता. देशाची उन्नति व्हावयाची तर धर्मच नव्यानें घडविला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं आपल्यापुरतीं कांहीं तत्त्वें ठरविलीं : जगाचा कर्ता एक आहे व सर्व माणसें त्याचीं लेकरें आहेत, माणसामाणसांत उच्चनीच नाहीं, पूर्वजन्म किंवा पुनर्जन्म नाहीं, माणसाचें सुखदुःख त्याच्या सद्गुणदुर्गुणांवर अवलंबून असतें.

विद्यार्थ्यांनीं या शेवटच्या दोन तत्त्वांचा क्षणभर विचार करावा. पूर्वजन्माचें कर्म मानलें तर आजच्या दुःखाचें एक कारण सांगतां येतें, मग तें मनास पटो वा न पटो. टिळकांनीं तें कारण सोडून दिलें, पण दुःख हें दुर्गुणाचेंच फळ, हा हिशेब मात्र तसाच ठेविला. मग बालवयांत आई गमावणाऱ्या मुलाचा दुर्गुण कोणता? हा हिशेब जुळत नव्हता. घर बांधलें होतें, पण एक भिंत उभी राहिली नव्हती.

सन १८९३ मध्यें टिळक आगगाडीनें राजनांदगांवास चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. प्रथम काव्यावर व नंतर धर्मावर त्या दोघांचें बोलणें झालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेंही भाकित केलें. टिळकांनीं शब्द दिला म्हणून पुस्तक उघडलें. डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर मात्र तें त्यांच्यानें खालीं ठेववेना.

त्या प्रवचनांत असें काय आहे? पापाचें मोजमाप तेथें हातावरून अंतःकरणावर नेलेलें आहे. हत्या करणारा दोषी, हें सर्वच धर्म सांगतात. येशूनें भावावर व्यर्थ राग धरणाऱ्यासही त्याच न्यायापुढें उभें केलें. शिवाशिवीनें, खाण्यापिण्यानें माणूस विटाळतो हा समज अन्यत्र त्यानें खोडून काढला आणि जें मनांतून निघतें तेंच माणसास मलिन करतें असें शिकविलें. ख्रिस्ती मताप्रमाणें पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. देवाकडे व शेजाऱ्याकडे पाठ फिरविलेलें मन, तें पाप. निरनिराळीं दुष्कृत्यें हीं त्या मुळाचीं फळें होत. रागीट बापाच्या घरांत वाढलेल्या आणि स्वतःही तापट असलेल्या टिळकांच्या जिवास ही शिकवण भिडली असल्यास नवल नाहीं. मात्र त्याच प्रवचनांत, चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच पाऊस पाडणाऱ्या स्वर्गीय पित्याचेंही वर्णन आहे. म्हणजे मोजमाप कठोर, पण मोजणारा प्रेमळ.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं या गोष्टीचा अर्थ काय होता हें आज कल्पनेनेंच जाणावें लागेल. जात, आप्त, घर, सर्व एका दिवसांत तुटलें. लक्ष्मीबाईंस आधीं कांहीं न विचारतां, न कळवितां हें घडलें होतें. लहानग्या दत्तूस घेऊन त्या माहेरच्या माणसांकडे राहिल्या. पंढरपुरास बहिणीकडे काढलेले ते दिवस त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत दुःखाचे होते. पति जिवंत असून वियोग, आणि वर लोकांचे बोल. हा वियोग चार वर्षांहून अधिक काळ टिकला.

येथें देवाच्या हेतूचा प्रश्न तीव्र स्वरूपांत आपल्यापुढें येतो. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या. प्रथम त्यांनीं आपलें सोवळें सांभाळलें व चूल निराळी ठेविली. हळूहळू, कोणाच्या आग्रहानें नव्हे तर स्वतःच्या विचारानें, जातिभेद देवानें केलेला नाहीं हें त्यांच्या मनानें घेतलें. सन १९०० मध्यें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. शेवट गोड झाला. मग देवाचा हेतु सफल झाला, तेव्हां मधलें दुःखही योग्यच होतें, असें म्हणावें काय? आमचें मत तसें नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत योसेफाच्या भावांनीं त्यास विकलें, आणि पुढें त्याच योसेफाच्या हातून देवानें त्यांस दुष्काळांत जगविलें. देवानें वाइटांतून बरें निर्माण केलें. म्हणून भावांचें कृत्य बरें ठरलें नाहीं, त्यांस क्षमा मागावीच लागली. देव आपला हेतु माणसाच्या चुकांमधूनही सिद्धीस नेतो, परंतु चुकीचें उत्तरदायित्व तो माणसाकडून काढून घेत नाहीं. टिळकांच्या श्रद्धेचा गौरव करतांना लक्ष्मीबाईंच्या अश्रूंचा विसर पडूं देणें, हा त्या दोघांवरही अन्याय होय.

त्याच सुमारास, १८९९-१९०० मध्यें, आपल्या भागावर मोठा दुष्काळ कोसळला. त्याच काळांत प्लेगनेंही अनेक घरें ओस पाडलीं. गुरें मेलीं, गांवें उठलीं, अनाथ मुलें मिशनच्या दारीं आलीं. हीं मुलें कोणाच्या पापाचें फळ भोगीत होतीं? शुभवर्तमानांत नेमका असाच प्रसंग आहे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनीं येशूस विचारलें कीं पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशूनें दोन्ही पर्याय नाकारले, आणि या माणसाच्या ठायीं देवाचें कार्य प्रगट व्हावयाचें आहे असें सांगून लगेच त्यास दृष्टि दिली. दुःखी माणसाच्या दारांत उभें राहून त्याच्या पापाचा हिशेब मांडणें, ही ख्रिस्ती वृत्ति नव्हे; पुढें होऊन त्याचें दुःख हलकें करणें, ही होय. टिळकांच्या बिऱ्हाडांत अनाथ मुलें स्वतःच्या मुलांप्रमाणें वाढलीं. नगरास प्लेग आला तेव्हां लक्ष्मीबाईंनीं छावणींत राहून आजारी मुलींची शुश्रूषा केली. एके काळीं दुसऱ्याच्या हातचें पाणी न घेणाऱ्या त्याच या बाई! दुःख कां येतें याचें संपूर्ण उत्तर या दांपत्यास मिळालें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. दुःख आलें असतां काय करावें, हें मात्र त्यांस समजलें होतें.

सन १९०४ मध्यें टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. सन १९१२ पासून 'ज्ञानोदय' या १८४२ मध्यें निघालेल्या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचें संपादन ते करूं लागले. परंतु त्यांची खरी देणगी म्हणजे त्यांचीं भजनें. तोंपर्यंत ख्रिस्ती उपासनेंत परकीय चालींचीं भाषांतरित गीतें पुष्कळ असत. टिळकांनीं शेंकडों गीतें व अभंग रचून येशूची भक्ति टाळमृदंगाच्या साथीनें गातां येईल अशी केली. ज्ञानेश्वर-तुकारामांची वाणी त्यांच्या हाडींमाशीं खिळलेली होती आणि संतांचा ठेवा टाकून देण्याची त्यांस गरज वाटली नाहीं. या भजनांत पाप हें न्यायाधीशापुढील अपराधापेक्षां आईपासून दुरावलेल्या लेंकराच्या व्याकुळतेसारखें दिसतें. क्षमा म्हणजे त्या लेंकरास उचलून घेणें. अकराव्या-बाराव्या वर्षीं आई गमावलेल्या त्या मुलानें येशूस आईच्या नात्यानें हांक मारावी, यांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

येथें आणखी एक शंका निघते. क्षमा मिळाली, नवा जन्म झाला, तर मग मनुष्य पुन्हां चुकतो कसा? टिळकांचा राग बाप्तिस्म्यानें नाहींसा झाला नाहीं. संतापणें, मग पश्चात्ताप पावणें, हें घरांत पुढेंही चालू होतें, आणि लक्ष्मीबाईंनीं तें लपविलेलें नाहीं. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणें क्षमा ही एका क्षणांत मिळते, परंतु स्वभाव पालटण्यास आयुष्य लागतें. शेतांतील हरळी एका नांगरटीनें जात नाहीं. फरक इतकाच कीं पूर्वीं माणूस तिला पीक समजत होता, आतां तो तिला तण म्हणून ओळखतो व रोज उपटूं लागतो.

आयुष्याच्या शेवटीं, १९१७ मध्यें, टिळकांनीं मिशनच्या वेतनाची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' या नांवाचा बंधुसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे येशूचे सर्व भक्त त्यांत भावाभावांप्रमाणें एकत्र यावे, ही त्यांची इच्छा होती. साताऱ्यास राहून त्यांनीं या कार्यास वाहून घेतलें. पण शरीर थकलें होतें. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. दरबार वाढीस लागला नाहीं आणि येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य थोडेच अध्याय लिहून अपुरें राहिलें. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. लग्नाच्या वेळीं ज्यांस अक्षरओळखही नव्हती, ज्या एके काळीं पतीच्या धर्मांतरानें दुःखांत बुडाल्या होत्या, त्यांनींच पतीचें हें काम पुढें नेलें. सन १९३६ मध्यें त्याही निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या तीन प्रश्नांपैकीं पहिल्याचें उत्तर या चरित्रांत स्पष्ट मिळतें : पाप आपल्या मनांत शोधावें, दुसऱ्याच्या जातींत, ताटांत किंवा नशिबांत नव्हे. दुसऱ्याचें उत्तर अर्धें मिळतें : स्वतःच्या कर्माचीं फळें असतात, पण दुसऱ्याचें दुःख पाहून त्याच्या पापाचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तिसरा प्रश्न टिळकांसही पुरता सुटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु उत्तर हातीं येईपर्यंत ते स्वस्थ बसले नाहींत. उपाशी मूल दिसलें कीं त्यांनीं त्यास घरीं आणलें.

आणि पालकांस आमची एक विनंति आहे. मूल हे प्रश्न घेऊन आपणांकडे आलें असतां त्यास दटावूं नये, किंवा घाईनें पढीक उत्तरही देऊं नये. करजगांवच्या एका पोरक्या मुलाच्या मनांत हा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ घोळत होता, आणि त्याच शोधांतून महाराष्ट्रास भजनांचें एवढें मोठें धन मिळालें. आपल्या मुलाचा प्रश्न आपणही त्याच्यासह धीरानें विचारावा.