ज्यांच्या नावाचा अंक त्यांनी पाहिला नाही

मोलांचे रेणूंत रूपांतर करताना आमचे विद्यार्थी ज्यांच्या नावाचा अंक वापरतात, त्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांना तो अंक अखेरपर्यंत ठाऊक नव्हता.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरीन येथे, कायदेपंडितांच्या घराण्यात झाला. विसाव्या वर्षीच त्यांनी चर्चच्या कायद्यातील पदवी मिळविली. परंतु ओढ गणित व भौतिकशास्त्राची. हे विषय त्यांनी खासगी अभ्यासाने आत्मसात केले आणि १८०९ मध्ये ते व्हेर्चेल्ली या गावी शिक्षक झाले. दोनच वर्षांनी त्यांनी आपले गृहीतक प्रसिद्ध केले : तापमान व दाब समान असता सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते.

दोन मापे हायड्रोजन व एक माप ऑक्सिजन यांपासून दोन मापे वाफ होते. एका मापातील ऑक्सिजन दोन मापांना पुरतो कसा? ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असतो व संयोगाच्या वेळी तो दुभंगतो, असा ॲव्होगॅड्रो यांचा उलगडा होता. डाल्टन यांना सारख्या अणूंची अशी जोडी मान्य नव्हती. बर्झेलियस यांच्या विद्युत-सिद्धान्तातही तिला स्थान नव्हते. या दिग्गजांपुढे आडगावच्या शिक्षकाचे कोण ऐकणार? केवळ गुरूच्या अधिकारावर विसंबू नये, हा तथागतांचा कालामांना उपदेश आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पाळणे विद्वानांनाही किती जड जाते, हे येथे दिसते.

१८२० मध्ये तुरीन विद्यापीठात मिळालेले अध्यासन राजकीय उलथापालथीत गेले. ते १८३४ मध्ये परत मिळाले. ९ जुलै १८५६ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या चार वर्षांनी, १८६० च्या कार्ल्सरूहे परिषदेत, त्यांचेच देशबांधव कानिझारो यांनी त्या गृहीतकाच्या बळावर अणुभारांचा गोंधळ निस्तरण्याची वाट दाखविली. १८६५ मध्ये लोश्मिट यांनी वायूच्या रेणूंचा आकार अजमावला. १९०९ मध्ये पेरँ यांनी एका मोलातील रेणूंच्या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव सुचविले.

पाचोऱ्याच्या बाजारात कापूस तोलला जातो. बोंडे कोणी मोजत नाही. रसायनशास्त्रज्ञही तोलतोच, पण त्याला वजनावरून संख्या कळते. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, म्हणजेच ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. ९ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल. मोलांच्या संख्येने त्या अंकाला गुणावे, की ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात हे उत्तर येते.