खलपुरुषांचा धनी : देवकीनंदन खत्री

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ चा, बिहारातला. पुढे चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेऊन ते पडक्या गढ्यांतून हिंडले. तिथेच ‘चंद्रकांता’ सुचली. माझ्या मते तिला चालवतो तो नायक वीरेंद्रसिंह नव्हे, दिवाणपुत्र क्रूरसिंह. राजकन्येच्या हव्यासापायी तो चुनारच्या शिवदत्ताला स्वतःच्याच राज्यावर आणतो, म्हणून तर वेषांतरपटू ऐयारांना काम मिळते! ‘संतती’चे २४ भाग नुसत्या तिलिस्मांवर निभले नसते. तिथे राजा नवऱ्याला कोंडून, तो मेल्याचे भासवून राज्य करणारी मायाराणी आहे. निरक्षर आईला मी ही गोष्ट सांगे, तेव्हा ती मायाराणीचेच पुढे काय झाले ते विचारी. अखेर खत्रींनी जुन्या पापांनी पछाडलेल्या भूतनाथालाच कादंबरीचा नायक केले. १९१३ साली ते वारले. अपुरा ‘भूतनाथ’ मुलाने, दुर्गाप्रसादांनी, पुरा केला.